हलका डिटेक्टर घेतला, पण खांद्याचा ठणका थांबला तो तोलामुळे

इंग्लंडच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवायचा माझा छंद. जुनं यंत्र दोन किलोंच्या वर. तासाभरात कोपरापासून खांद्यापर्यंत ठणका लागायचा. शेवटी मिनलॅब इक्विनॉक्स ८०० घेतला, १.३४ किलोचा.

तरी पहिल्यांदा हात भरलाच! धातू हेरणारी ११ इंची चकती, म्हणजे कॉइल, टोकाला लोंबते, सगळा भार पुढे. मग दांडा आखूड केला, हात टेकवायचा कप कोपराच्या किंचित पुढे घेतला, पट्टा सैल सोडला. आता कॉइल वाळूलगत आपसूक झुलते. खिळे-पत्रे फार असतील तिथे ६ इंची कॉइल लावतो, ती आणखी हलकी.

ओल्या खारट वाळूत बीच मोड, म्हणजे किनाऱ्यासाठीचं सेटिंग, आणि सेन्सिटिव्हिटी (संवेदनक्षमता) थोडी खाली; खोटी टिवटिव बरीच थांबते. बॅटरी मात्र आतच बसवलेली. पिशवीत पॉवर बँक हवीच.