ड्यूटीवरून परतणाऱ्या माणसासाठी घरच्यांनी काय करावे

साथीच्या काळात घरातील कोणी परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा रुग्णालयातील सफाई कामगार असेल, तर त्याचे मन सांभाळण्याची सुरुवात घरातल्या व्यवस्थेपासून करावी. धीराचे शब्द त्यानंतर. इंदूरमध्ये १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल भागात कोरोनाच्या तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या आणि लगेचच त्या कामावर परतल्या. अशा माणसांना ‘खंबीर राहा’ हे सांगावे लागत नाही.

ड्यूटीवरून ती व्यक्ती घरी आल्यावर दारातच ‘आज किती गेले?’ असे विचारू नये. पीपीई किटमध्ये सलग सहा-सहा तास ना पाणी पिता येते ना लघवीला जाता येते, अंगावरचे कपडे घामाने चिंब होतात आणि नाकाच्या कण्यावर मास्कचा लाल वळ उठलेला असतो. म्हणून बादलीत गरम पाणी, धुतलेले कपडे आणि ताटात वरण-भात तयार असावा. नाइट ड्यूटीनंतरची झोप तर घरच्यांनी पहारा देऊन सांभाळावी: खिडकीवर जाड चादर टाकावी, दाराची बेल बंद करावी, कामवाल्या बाईंना भांडी दुपारनंतर घासायला सांगावे. अपुरी झोप चिडचिड आणि निराशा दोन्ही वाढवते, शिवाय वॉर्डात चूक होण्याचा धोकाही वाढतो.

फोनचा बंदोबस्त मात्र सर्वांत निकडीचा. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत खाट, ऑक्सिजन आणि रेमडेसिविर इंजेक्शनासाठी ओळखीतल्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला फोन जात होते. जे आपल्या हाती नाही त्याला दहा वेळा ‘नाही’ म्हणावे लागणे, आणि त्यातला एखादा रुग्ण दगावल्याचे नंतर कळणे, याचे ओझे कामाच्या थकव्याहून वेगळे असते. तेव्हा रामबागेतल्या आत्याचा असो वा पुण्याच्या मामांचा, नातेवाइकांचा प्रत्येक फोन घरातल्या एकाच व्यक्तीने घ्यावा. हे काम भिडस्त माणसाकडे देऊ नये, कणखर काकूकडे द्यावे.

ती स्वतःहून बोलू लागली तर मध्ये न तोडता ऐकावे, पण तिने बोललेच पाहिजे असा आग्रह धरू नये. भयंकर प्रसंगानंतर माणसाला लगेच एकदाच बसवून सगळे उकरून काढण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. ‘तू तर देवदूत’ हे कौतुकही जपून करावे, कारण देवदूताला ‘मला आता झेपत नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

शेजाऱ्यांनी जिना वापरू दिला नाही किंवा घरमालकाने खोली सोडायला सांगितली, तर घरच्यांनी पुढे होऊन बोलावे. साथरोग कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्याच्या किंवा कामाच्या स्थितीवर परिणाम करून त्याला कर्तव्यापासून रोखणारा छळही हिंसेत मोडतो. गुन्हा अजामीनपात्र असून शिक्षा तीन महिने ते पाच वर्षे कैदेची आहे. बहुतेक ठिकाणी एवढे शांतपणे सांगितले तरी पुरते.

सुटीच्या दिवशीही झोप न लागणे, वॉर्डातली दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, ड्यूटीच्या आधी छातीत धडधडणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणे, हे दोन आठवडे टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जगण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचे बोलणे निघाले तर एक दिवसही थांबू नये: तिला एकटे सोडू नये, घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते.

आपल्याच रुग्णालयातल्या सहकाऱ्यांना कळेल, या भीतीने पुष्कळ जण जायचे टाळतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे तिला सांगावे. तरीही संकोच असेल तर दुसऱ्या रुग्णालयातली वेळ घ्यावी, आणि बाहेरच्या बाकावर बसायला घरातील एकाने सोबत जावे.