खळ्यातल्या पडद्यावर काळोखा सिनेमा

मे महिन्यात मुंबईकर मंडळी कोकणात गावी आली की घरापुढच्या खळ्यात पडदा लागतो. विनोदी सिनेमा कशाही पडद्यावर निभावतो. 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स' (२००९) लावला, की थोड्याच वेळात मागून आवाज येतो, "काय दिसणा नाय!" हा सहावा भाग छायालेखक ब्रुनो देलबोनेल यांनी मुद्दामच काळोखा आणि फिका ठेवला आहे. छायालेखनाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोचलेला या मालिकेतला हा एकच भाग.

अशा वेळी जास्त ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर शोधायची घाई होते. पण प्रोजेक्टर काळा रंग फेकत नाही. पडद्यावर जिथे उजेड पडत नाही तो भाग काळा दिसतो, एवढंच. तिथे ओटीवरच्या ट्यूबचा उजेड पोचला की काळ्याचा करडा झाला, मग यंत्र कितीही महाग असो. म्हणून आधी काळोख सांभाळायचा.

त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवसही चालतात, कोर लवकर मावळते. मे महिन्यात रत्नागिरी-मालवणकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो, पाऊण तासाने पुरेसा काळोख होतो. पावणेआठला सुरू केलं तरी बिघडत नाही, कारण सुरुवातीला लंडनचा पूल कोसळतो तो दिवसाढवळ्या. सगळ्यात काळा प्रसंग, समुद्रातल्या गुहेचा, शेवटाकडे येतो. लांबी १५३ मिनिटं आहे, म्हणजे मध्यंतर न घेताही सव्वादहा वाजतात. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, तेव्हा शेवटचा भाग घरगुती आवाजातच बघायचा.

पडद्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पश्चिमेला केलं तर मावळतीचा उजेड थेट त्यावर येतो. शिवाय संध्याकाळचे खारे वारे समुद्राकडून येतात. उत्तर-दक्षिण तोंडाच्या पडद्याला ते कडेने घासून जातात. समोरून आले तर पडद्याचं शीड होतं. खालच्या शिवणीत बांबू किंवा पीव्हीसी पाइप घाला, चारही कोपरे सुंभाने माडाला किंवा मांडवाच्या खांबाला ताणा. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर चित्र टाकू नका, तांबडा रंग आणि खळगे दोन्ही नडतात. साधी चादर असेल तर मागे काळं कापड लावा, नाहीतर मागचा उजेड आरपार येऊन काळं करडं होतं. फ्लेक्सची कोरी बाजू चालते, पण चकाकणारी नको.

सारवलेलं खळं इथे फार कामाचं. ते उजेड पिऊन टाकतं. पांढऱ्या लादीचं अंगण किंवा शेजारची चुना लावलेली भिंत चित्राचाच उजेड पडद्याकडे परत पाठवते. तिथे घोंगडी, ताडपत्री, जे गडद असेल ते टाका.

मापाचा हिशेब सोपा आहे. थिएटरसारखा उजेड हवा तर पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १४ ते १६ ल्युमेन लागतात. ८ फूट रुंदीचं १६:९ चित्र साडेचार फूट उंच, म्हणजे ३६ चौरस फूट. ५००-६०० खरे एएनएसआय (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) ल्युमेन पुरतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरच्या पाच आकडी ल्युमेनवर विश्वास नको. हा चित्रपट २.३९:१ रुंदीचा आहे, त्यामुळे ८ फुटांत प्रत्यक्ष चित्र जेमतेम ३ फूट ४ इंच उंच येतं, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. जागा आहे म्हणून १२ फुटांचा पडदा लावलात तर क्षेत्र सव्वादोनपट होतं आणि त्याच यंत्राचा उजेड तितकाच पातळ.

त्याच काळ्या पट्ट्यांवर यंत्र जुळवता येतं. आदल्या रात्री गुहेतला प्रसंग लावून थांबवा. 'सिनेमा' मोड निवडा, 'व्हिव्हिड' नको. ब्राइटनेस वाढवत जा, पट्ट्या करड्या व्हायला लागल्या की एक पायरी मागे या. काळ्या पाण्याच्या कडेचे खडक ओळखू आले की झालं. चेहरे फिके वाटतात म्हणून रंग वाढवू नका, ते तसेच आहेत. सगळं जुळूनही काळ्यात चौकोनी ठिपके दिसत असतील, तर दोष इंटरनेटवरून येणाऱ्या दाबलेल्या चित्राचा. ब्लू-रे असेल तर उत्तम. नाहीतर अ‍ॅपमध्ये वरच्या दर्जाने आधी उतरवून ठेवा. फोनचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दाखवला (मिररिंग) तर बरीच अ‍ॅप्स नुसता आवाज देतात, चित्र काळं. तेही आदल्या रात्रीच तपासा.

संवाद पुटपुटते आहेत आणि रातकिडे जोरात. आवाजाचं आउटपुट 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा; ५.१ वर, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी वाटलेल्या आवाजावर, राहिलं तर मधल्या वाहिनीतले संवाद हरवू शकतात. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, वायर बरी.

लाइट जाणार हे धरूनच चाला. ३०० वॅटचा दिव्याचा प्रोजेक्टर आणि ६० वॅटचे स्पीकर अडीच तासांत सुमारे ९०० वॅट-तास खातात. १५० एएचची चांगली बॅटरी तेवढं जेमतेम देते, त्यावर पंखे नकोत. इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा. नाहीतर अदलाबदलीच्या क्षणात प्रोजेक्टर बंद पडतो, आणि तापलेला दिवा काही मिनिटं पुन्हा पेटत नाही.

किडे झोतावर येतातच. ३०-४० फुटांवर, पडद्यावर उजेड येणार नाही अशा आडोशाला एक पांढरा दिवा लावला की बरेचसे तिकडे वळतात. हवेच्या जाळीवर कापड बांधू नका, यंत्र तापतं. डासांची कॉइल झोताखाली ठेवलीत तर धुरावर उजेड पसरून काळं पुन्हा करडं होतं, ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला. एसी खोलीतून आणलेल्या लेन्सवर दमट हवेत वाफ धरते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा आणि पुसायची घाई करू नका.

संपल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग उपसू नका. यंत्र रात्रभर खाऱ्या हवेत न ठेवता घरात घ्या. पडदा दवाने ओलसर झाला असेल तर दुसऱ्या दिवशी वाळवूनच घडी घाला, नाहीतर पुढच्या सुट्टीत घडीच्या रेघेवर बुरशीचे काळे ठिपके निघतील.