यूकेत पदवीला अर्ज करताय? पर्सनल स्टेटमेंट असं लिहा

बारावीनंतर यूकेला जायचं ठरलं की मार्कशीट, पासपोर्ट, फीची जुळवाजुळव यात घरादाराचे दिवस जातात आणि पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का शिकायचाय हे स्वतःच्या शब्दांत सांगणारा अर्जातला मजकूर, शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. तसं करू नका, दोन महिने तरी हातात ठेवा. पदवीचे अर्ज यूकॅस या मध्यवर्ती यंत्रणेतून जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकल, डेंटल, व्हेटर्नरी कोर्ससाठी मुदत १५ ऑक्टोबरची असते, बाकीच्या बहुतेक कोर्ससाठी जानेवारीच्या मध्याची.

आधी साचा बघा

ओळखीच्या सीनियरने पाठवलेला जुना नमुना समोर ठेवू नका. पूर्वी सलग एक निबंध लागायचा. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्न आले. हाच विषय का शिकायचाय? आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची त्यासाठी काय तयारी झाली? आणि शाळा-कॉलेजाबाहेर काय केलंत, त्याचा उपयोग काय? तिन्ही उत्तरं मिळून ४००० कॅरेक्टर्स, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टर्सचं हवं. इंग्रजीत हे सगळं मिळून साधारण सहाशे शब्द भरतात, म्हणजे जागा फार नाही.

लिहू नका, आधी बोला

मुलांचे मसुदे मी बरीच वर्षं वाचतोय. बहुतेकांची सुरुवात एकच असते: लहानपणापासून मला या विषयाची प्रचंड आवड आहे. हे खोटं नसतं, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

शिरोळ तालुक्यातला एक मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी अर्ज करत होता. त्याच्याही मसुद्यात आवड होती, स्वप्न होतं, देशाची प्रगती होती. मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, "मराठीत सांग. हे डोक्यात कधी शिरलं?" तो म्हणाला, "सर, आमच्या गावाजवळ कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळ्याआधी त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, पावसाळा संपला की परत घालतात. एवढा खटाटोप दरवर्षी कशाला, असं वाटायचं. मग एकदा पाणी सोडणाऱ्या पाटकरी काकांना विचारलं." पुढची वीस मिनिटं तो थांबलाच नाही. पूर आला की सगळा बंधारा पाण्याखाली कसा जातो, बर्गे तसेच राहिले तर पाणी अडून काठच्या उसात कसं शिरतं, फटींतून गळती कुठे होते. एका ऑक्टोबरला त्याने काठावर खुणेची काठी रोवून रोज सकाळी पाणी किती चढलं ते वहीत मांडलं होतं. मसुद्यात यातला एक शब्दही नव्हता! त्याला वाटलं होतं, परदेशातल्या प्राध्यापकांना गावच्या बंधाऱ्याचं काय कौतुक.

म्हणून पहिलं काम हे करा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि तुमच्या भाषेत सांगा. समोरच्याने फक्त "मग तू काय केलंस?" एवढंच विचारत राहायचं. दुसऱ्या दिवशी ऐका आणि कामाचं तेवढं उतरवून घ्या.

मग तीन प्रश्नांत वाटा

या मुलाच्या बाबतीत वाटणी सोपी झाली. बर्ग्यांचं कोडं पहिल्या उत्तरात गेलं. दुसऱ्यात अकरावीचं फिजिक्स आलं: द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे शिकल्यावर सगळ्यात जास्त भार तळाच्या बर्ग्यावर का येतो ते त्याला उमगलं. तिसऱ्यात काठी, वही आणि पाटकरी काकांबरोबर घालवलेल्या सकाळी. तीच गोष्ट तिन्हीकडे परत सांगितली नाही, प्रत्येक उत्तराने ती पुढे नेली.

दुसऱ्या उत्तरात टक्के लिहू नका, ते अर्जात दुसरीकडे भरलेलेच असतात. कुठला धडा, कुठलं प्रॅक्टिकल, त्यातून काय कळलं ते लिहा. तिसऱ्यात फक्त सर्टिफिकेटवाल्या गोष्टी चालतात असंही नाही. दुकानाचा हिशेब सांभाळणं, आजारी आजीचं औषधपाणी बघणं हेही चालतं, फक्त त्यातून आलेलं काय या अभ्यासात कामी येईल ते सांगता आलं पाहिजे.

इंग्रजी करताना

वाक्यं लहान ठेवा. जड शब्दांच्या मागे लागू नका. बर्गे हा शब्द तसाच ठेवून पुढे चार शब्दांत अर्थ दिला की भागतं. अर्जात पाचपर्यंत कोर्स निवडता येतात आणि एकच स्टेटमेंट त्या सगळ्यांकडे जातं, त्यामुळे कुठल्याही विद्यापीठाचं नाव घेऊ नका.

आणि नेटवरून उचलू नका. २००७ मध्ये यूकॅसने अर्ज तपासले तेव्हा आठव्या वाढदिवशी केमिस्ट्री सेटने प्रयोग करताना पायजम्याला भोकं पडल्याची एकच आठवण २३४ अर्जांत सापडली होती. तेव्हापासून प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या अर्जांशी ताडून पाहिलं जातं आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवतात. एआयकडून लिहून घेतलेलं नाही, हेही अर्ज करताना जाहीर करावं लागतं. मला मात्र त्याहून मोठं नुकसान हे वाटतं, की तयार मजकूर घेतला की तुमचा बंधारा कागदावर येतच नाही.

पाठवण्याआधी

मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य मोडा. विषयाच्या शिक्षकांना एकदा दाखवा, आणि विषय अजिबात माहीत नसलेल्या एकालाही. दहा जणांना दाखवत बसलात तर दहा जणांचा आवाज येईल. आजारपण किंवा घरच्या अडचणीमुळे मार्क घसरले असतील तर ते शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना वेळेत सांगा, त्यांच्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागा असते आणि तुमच्या ओळी त्यात खर्ची पडत नाहीत. शेवटी मजकूर फॉर्ममध्ये पेस्ट केल्यावर कॅरेक्टर्स पुन्हा मोजा. बोल्ड, इटॅलिक तिथे टिकत नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर काही लिहिलं असेल तर ते वाक्यच बदला.