जुना चेन लोडर शेतीकामाला लावायचाय? इंजिनाआधी चेन बघा

जुना चेन लोडर (चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारी, पुढे बकेट असलेली मशीन) घेतला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो इंजिन उतरवून ओव्हरहॉल करण्याचा आणि दुसरा पिवळा रंग मारण्याचा. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. चेनच्या मशीनवर होणाऱ्या देखभाल खर्चाचा साधारण निम्मा वाटा खालच्या भागात जातो: चेन, तिला टेकून फिरणारे रोलर, पुढचं मोकळं चाक म्हणजे आयडलर आणि चेन ओढणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. इंजिन थोडा धूर टाकत असलं तरी वावर सपाट होतं. पण शेततळ्याच्या तळाशी चेन उतरली तर 10-15 टनांचं धूड तिथेच बसतं. मग ते बाहेर काढायला दुसरी मशीन भाड्याने आणावी लागते, आणि हंगामाच्या तोंडावर ती मिळत नाही.

मशीन आधी कुठे राबली ते विचारून घ्या. उमरेड-सावनेरच्या कोळसा पट्ट्यात किंवा मनसरच्या मँगनीजच्या दगडात चाललेली असेल, तर शू (चेनच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या) आणि रोलर दगडाने घासलेले असणार हे धरून चाला. वर्षानुवर्षं एखाद्या आवारात उभी असेल तर झीज कमी आणि गंज जास्त असतो. दोन्ही मशीन तयार करता येतात, फक्त पैसे वेगवेगळ्या जागी जातात.

धुणं

धुतल्याशिवाय काहीही तपासू नका. पोटाखालची पत्र्याची गार्ड खोला. आत तेलात भिजलेला पाला, कुटार, पऱ्हाटीचे तुकडे दाबून बसलेले असतात. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या आसपास असताना गरम एक्झॉस्टजवळचा हा कचरा पेट घेतो. तो हाताने उकरून काढा, मग प्रेशरने धुवा.

इंजिन, तेल, हायड्रोलिक

इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, डिझेल टाकीच्या तळाचं पाणी काढा, पंख्याचा पट्टा बघा. रेडिएटरची जाळी हवा सुटते त्या बाजूने उलटी फुंकून साफ करा. बकेट अर्धी उचलून इंजिन बंद करा आणि ती किती वेगाने खाली येते ते लांब उभं राहून बघा. झपाट्याने बसत असेल तर सिलेंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. वरून फुगलेल्या नळ्या बदलाच. सपाटीकरणासाठी बकेटचे दाते काढून सरळ पात्याची धार लावा; दात्यांनी वावरात सऱ्या पडतात.

फायनल ड्राइव्हचं (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीचं) तेल मात्र स्वतः समोर उभं राहून काढा. दुधाळ निघालं तर पाणी गेलं आहे. तेलात बोटाला टोचणारा लोखंडी चुरा लागला तर पुढचा सगळा खर्च थांबवून आधी तो ड्राइव्ह खोलायचा.

कोरड्या स्टिअरिंग क्लचची (एका बाजूच्या चेनचा जोर तोडून मशीन वळवणाऱ्या क्लचची) जुनी मशीन पावसात उभी राहिली असेल तर प्लेटा गंजून चिकटतात. लिव्हर ओढला तरी मशीन वळत नाही. "झाडाला टेकवून रेस दे, सुटतात" असं सांगणारे भेटतील. ते अजिबात ऐकू नका. सुटल्याच तर अस्तर फाटून सुटतात. क्लच खोलून साफ करणं हाच रस्ता आहे.

चेन: किती झिजली आहे

आता मुख्य काम. चेन बघणाऱ्या बहुतेकांची नजर शूच्या उंचीवर असते, कारण ती लांबून दिसते. काळ्या मातीत थोडे झिजलेले शू चालतात. खरी झीज पिन (कड्या जोडणारा दांडा) आणि बुशमध्ये (त्या दांड्यावरची नळी) असते आणि ती मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायची रीत अशी. स्प्रॉकेटचा दात आणि चेन यांच्यामध्ये एक जाड पिन अडकवा आणि मशीन अगदी हळू मागे घ्या, म्हणजे वरची चेन ताठ होते. ब्रेक लावून इंजिन बंद करा. मास्टर पिन (जिथे चेन उघडते ती) सोडून, एका पिनच्या कडेपासून पुढच्या चौथ्या पिनच्या त्याच कडेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. हे 4 कड्यांचं अंतर झालं. नवी चेन 175 मिलिमीटर पिचची (पिच म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) असेल तर ते 700 भरायला हवं. त्याच्यावर जितके मिलिमीटर जास्त, तितकी पिन-बुश आतून खाल्ली गेली आहे. कितीपर्यंत चालेल ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक नसेल तर मिळवा. ते मिळवायला जो पैसा लागेल तो द्या.

मर्यादेच्या आत असेल आणि बुश बाहेरून एकाच बाजूने खाल्लेली दिसत असेल, तर चेन प्रेसवर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून घेता येतात. चेनचं आयुष्य वाढतं आणि नव्या चेनपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. मर्यादा ओलांडून गेल्यावर फिरवण्यात अर्थ नाही, बुश फुटते.

एका सल्ल्याची मला मनापासून चीड आहे: "चेन ढिली झाली, एक कडी काढून टाक." कडी काढल्याने चेन आखूड होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीचा पिच वाढलेलाच राहतो. तो स्प्रॉकेटच्या दातांशी जुळत नाही, बुश दाताच्या टोकावर चढते आणि चांगला असलेला स्प्रॉकेटही खाल्ला जातो. शेतकऱ्याचे पैसे वाचवतो असं सांगून त्याला दुप्पट खर्चात ढकलणारा हा सल्ला आहे. तसंच, नव्या चेनवर टोकदार झालेला जुना स्प्रॉकेट ठेवू नका आणि संपलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट चढवू नका. दोन्ही एकमेकांना खातात.

चेन: किती ताणायची

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या टप्प्याने. वर्कशॉपच्या आवारात पुस्तकाप्रमाणे झोळ ठेवलेली चेन वावरात गेल्यावर करकरायची, मशीनचा जोर जायचा. कारण काळ्या मातीत होतं. ओली काळी माती स्प्रॉकेटच्या दातांच्या खाचांत दाबून बसते. बुश खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणजे स्प्रॉकेट जणू मोठा होतो आणि चेन आपोआप ताणली जाते. आवारात, धुतलेल्या मशीनवर बरोबर असलेला झोळ तासाभरात नाहीसा होतो. मग प्रत्येक फेऱ्याला पिन, बुश, आयडलरचं बेअरिंग आणि फायनल ड्राइव्ह यांच्यावर जादा भार येतो, आणि इंजिनाचा जोर चेन ओढण्यातच जातो.

म्हणून झोळ वावरात ठरवायचा, माती लागलेली असताना. मशीन जिथे चालणार त्याच जमिनीवर थोडा वेळ चालवा. मग सपाट जागी हळू पुढे घ्या आणि ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. वरच्या रोलरपासून पुढच्या आयडलरपर्यंत चेनवर सरळ पट्टी ठेवा किंवा दोरी ताणून धरा आणि मध्यभागी चेन किती खाली आली आहे ते मोजा. मध्यम आकाराच्या मशीनला साधारण 25 ते 50 मिलिमीटर झोळ लागतो. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच अंतिम. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

झोळ जास्त असेल तर चेनच्या फ्रेमवरचं झाकण उघडून निप्पलला हाताच्या ग्रीस गनने ग्रीस भरा. थोडं भरा, मशीन पुढे-मागे करा, पुन्हा मोजा. ग्रीस भरूनही चेन ताणत नसेल तर ॲडजस्टरची (ग्रीसच्या दाबाने आयडलर पुढे ढकलणाऱ्या सिलेंडरची) सील गळते आहे किंवा आयडलर गंजून सरकत नाही. जोर लावून भरत राहू नका. ॲडजस्टरची सगळी चाल संपली आणि झोळ तरीही जास्त, याचा अर्थ चेन संपली.

चेन ढिली करताना मात्र लक्ष द्या. माणसं इथेच जखमी होतात. ॲडजस्टरमधल्या ग्रीसवर प्रचंड दाब असतो. ग्रीस सोडणारा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त कधीही उघडू नका. तोंड, छाती, हात त्याच्या सरळ रेषेत ठेवू नका. ग्रीस येतंय का हे वाकून बघू नका आणि बोटाने चाचपू नका. ग्रीस येत नसेल तर सगळ्यांना दूर करून मशीन थोडी पुढे-मागे करा; व्हॉल्व्ह आणखी उघडणं किंवा हातोडी मारणं हा उपाय नाही. दाबाचं ग्रीस कातडीत घुसलं तर बाहेरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आतून मात्र बोट सडायला लागतं. हळद-चुना लावून घरी बसू नका. त्याच तासाला सर्जन असलेला दवाखाना गाठा, मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जा, आणि "दाबाचं ग्रीस आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

ॲडजस्टरच्या मागे दाबून बसवलेली मोठी स्प्रिंग असते. तिला गावातल्या गॅरेजमध्ये कुणालाही हात लावू देऊ नका. ती सुटली तर माणूस जागेवर जातो. ती खोलायला खास साधन लागतं, आणि नागपूरजवळच्या हिंगणा-वाडीकडचा जड मशीनचा माहीतगार मिस्त्रीच ते काम करेल.

जमीन बदलली की झोळ पुन्हा मोजा. मे महिन्यातल्या कोरड्या वावरात माती खाचेत बसत नाही. त्याच आठवड्यात तलावाच्या गाळात उतरलात तर बसते. कोरड्यात लावलेली चेन तशीच गाळात नेऊ नका. आणि संध्याकाळी माती ओली असतानाच सब्बल-फावड्याने रोलर आणि स्प्रॉकेट मोकळे करा. रात्रभरात ती विटेसारखी होते. सकाळी रोलर फिरत नाही, चेन त्याच्यावरून घासत जाते आणि रोलरला सपाट पट्टा पडतो.

रोलर आणि सांधे

रोलरच्या कडेला तेलाचा ओघळ असेल तर तो रोलर बदला. सीलबंद तेलाची चेन असेल तर अर्धा तास चालवून प्रत्येक पिनच्या टोकावर टेंपरेचर गन धरा. बाकीच्यांपेक्षा बराच गरम निघालेला सांधा आतून कोरडा आहे, त्याच्यावर खूण करून ठेवा.

ऑपरेटरला काय सांगाल

रिव्हर्समध्ये वेगाने पळवायचं नाही. मागे जाताना बुश आणि स्प्रॉकेटची झीज सगळ्यात जास्त होते, आणि आपल्याकडे सपाटीकरणात निम्मा वेळ मशीन मागेच जात असते. एकाच बाजूला वळत राहायचं नाही. जागेवर गरकन फिरवायचं नाही. पाऊस झाल्यावर वाफसा येईपर्यंत वावरात घालायचीच नाही: चेनही खराब होते आणि जमीनही दबून घट्ट होते.

काटोल-नरखेड-कळमेश्वरकडच्या संत्रावाल्यांनी आणखी एक सांभाळा. 6 बाय 6 मीटरच्या उभ्या बागेत मशीन बसते म्हणून घालू नका. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरात असतात, ती तुटतात. बुंध्याची साल सोलली गेली की डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला) वाट मिळते. जुनी रोगट बाग उपटून झाल्यावर चेन आणि बकेट तिथेच धुवा आणि मगच ट्रेलरवर चढवा. डिंक्याची बुरशी मातीतून पसरते, आणि चेनमध्ये दाबून बसलेली माती थेट दुसऱ्याच्या बागेत पोचते. भाड्याने मशीन बोलावणाऱ्यानेही, ती धुतलेली असेल तरच आत घ्यावी.

पहिला दिवस

पहिला तास रिकामी चालवा, सपाट आणि कोरड्या जागेवर. थांबून दोन्ही फायनल ड्राइव्ह किती गरम झाले ते ताडून बघा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर काम सुरू करू नका. मग हलकं काम द्या, धुरा (बांध) ओढणं किंवा मोकळी माती सारणं. खोदकाम दुसऱ्या दिवशी.

8-10 तास झाले की शूचे सगळे बोल्ट पान्याने तपासा. ढिला बोल्ट शूचं भोक लंबगोल करतो, मग तिथे कुठलाच बोल्ट टिकत नाही. एकही ढिला निघाला तर त्या शूचे सगळे बोल्ट काढा, शू आणि कडी जिथे टेकतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ करा, आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळा. मातीचा पापुद्रा मध्ये राहिला तर नुसता पाना फिरवून तो बोल्ट धरत नाही.