पीएच.डी. गाइडच्या मान्यतेची फाइल परत येऊ नये म्हणून

विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात मी एकोणीस वर्षं काढली. कनिष्ठ सहायक म्हणून लागले आणि कक्षाधिकारी म्हणून निवृत्त झाले. संशोधन मार्गदर्शक मान्यतेचे किती प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले याची मोजदाद मी ठेवली नाही, पण ते कशामुळे परत जायचे ते मात्र पाठ आहे. विद्वत्ता कमी पडली म्हणून फाइल परत गेली असं क्वचितच झालं. एखादं पत्र नसायचं, तारीख जुळायची नाही, नाव जुळायचं नाही. एकदा त्रुटी निघाली की फाइल पुढच्या बैठकीवर जाते. बैठक हुकली की पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, हुकते, आणि पेट हुकली की त्या गाइडकडे येणाऱ्या मुलांचं वर्ष जातं. हे वर्ष वाचावं म्हणून लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करते. एम.ए., एम.एस्सी.च्या वर्गांवर शिकवण्याची मान्यता वेगळी आणि पीएच.डी.चा गाइड म्हणून मान्यता वेगळी. पदव्युत्तर अध्यापक म्हणून मान्यता असली की गाइडशिप आपोआप मिळते असं समजून बसलेले प्राध्यापक मी पाहिलेत. नव्या अभ्यासक्रमात एम.ए.च्या मुलांना तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. तो करून घेणं हे पदव्युत्तर अध्यापकाचं काम आहे, त्यासाठी गाइडशिप लागत नाही. पदव्युत्तर मान्यतेला किती वर्षांचा अनुभव लागतो हे प्रत्येक विद्यापीठाचं आपापलं असतं. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाचा, शेजारच्या विद्यापीठातल्या मित्राला विचारून चालू नका.

आता गाइडशिपची पात्रता. सध्या लागू आहेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी. विनियम. त्यांनुसार नेमणूक कायम हवी, स्वतःची पीएच.डी. हवी आणि समीक्षित, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून घेऊन लेख छापणाऱ्या, नियतकालिकांत लेख हवेत. सहायक प्राध्यापकाला किमान तीन, सहयोगी प्राध्यापकाला आणि प्राध्यापकाला किमान पाच. २०१६ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला दोन लेख पुरत होते. तोच आकडा डोक्यात ठेवून आलेले अर्ज अगदी माझ्या शेवटच्या महिन्यापर्यंत टेबलावर येत होते.

'कायम' या शब्दापाशी फार जण अडतात. तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आले होते. पीएच.डी. झालेली, लेख नऊ, तेही चांगल्या ठिकाणी छापलेले. त्यांनी सगळे लेख काउंटरवर ओळीनं मांडले. मी म्हटलं, "सर, नेमणुकीचा आदेश?" त्यांनी अकरा महिन्यांहून कमी मुदतीचा आदेश पुढे केला. मी नियम वाचून दाखवला, त्यांनी लेख परत गोळा केले आणि नीट टोकं जुळवून पिशवीत ठेवले. आपल्याकडे पीएच.डी. होऊनही वर्षानुवर्षं तासांवर शिकवणारे इतके आहेत की हा नियम सांगताना मला दर वेळी जड गेलं. ही माणसं कायम व्हायला हवीत आणि त्यांच्या हाताखाली मुलं घडायला हवीत, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते. पण अशा नेमणुकीवर प्रस्ताव भरू नका, शुल्क वाया जातं.

कायम असाल तर त्याचा पुरावा म्हणजे दोन कागद. एक संस्थेचा नेमणूक आदेश आणि दुसरं विद्यापीठाचं शिक्षक मान्यतेचं पत्र, ज्याला सगळे अप्रूव्हल म्हणतात. बरेच जण नेमणूक आदेश लावतात आणि अप्रूव्हल विसरतात. अप्रूव्हल लावलं तरी ते नीट वाचा. त्यावर 'एका शैक्षणिक वर्षासाठी' लिहिलंय की 'परिविक्षाधीन', म्हणजे प्रोबेशनवर? परिविक्षाधीन असेल तर परिविक्षा संपून सेवेत कायम केल्याचा आदेश सोबत जोडा. सेवापुस्तकात नोंद आहे म्हणून भागत नाही, कारण छाननी करणाऱ्यासमोर सेवापुस्तक नसतं.

वयाचं गणित पन्नाशीतच मांडा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली की नवीन विद्यार्थी घेता येत नाही. महाराष्ट्रात प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात. समजा जन्म १४ ऑगस्ट १९६९ चा आहे. निवृत्ती ३१ ऑगस्ट २०२९ ला, म्हणजे ऑगस्ट २०२६ नंतर नवा विद्यार्थी नाही. आधी नोंदवलेले विद्यार्थी निवृत्तीपर्यंत तुमचेच राहतात. त्यानंतर सह-मार्गदर्शक म्हणून तुम्ही सत्तरीपर्यंत त्यांच्यासोबत राहू शकता. पण पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि मुदत सहा वर्षांची असते. छप्पन्नाव्या वर्षी मान्यता घेतलेल्या गाइडचे विद्यार्थी अर्ध्या वाटेत दुसऱ्या कुणाच्या नावावर जातात. म्हणून तीन लेख पूर्ण झाले की अर्ज करा. कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, पुढची पायरी मिळू दे, मग बघू, असं म्हणत थांबू नका.

नाव

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बायकांच्या फाइली सगळ्यात जास्त इथंच अडल्या.

एका मॅडमची फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. पीएच.डी.ची पदवी माहेरच्या नावानं, मधलं नाव वडिलांचं. नेमणूक सासरच्या नावानं, मधलं नाव नवऱ्याचं. पहिले दोन लेख माहेरच्या आडनावानं छापलेले, तिसऱ्यावर दोन्ही आडनावं, चौथ्यावर नुसती इंग्रजी आद्याक्षरं आणि सासरचं आडनाव. छाननी समितीतल्या सदस्यांनी विचारलं, या चार बाया आहेत की एक? प्रश्न कडवट वाटतो, पण फाइलीत त्याचं उत्तर देणारा एकही कागद नव्हता. मॅडम विभागात आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. काम त्यांनीच केलेलं, आणि ते आपलंच आहे हे सिद्ध करायची पाळीही त्यांच्यावरच.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. नाव बदलल्याचं राजपत्र काढलं असेल तर त्याची प्रत लावा. नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र चालेल का, हे विभागात आधी विचारून घ्या. आणि फाइलीच्या पहिल्याच पानावर एक साधा तक्ता ठेवा: कोणता कागद, त्यावर कोणतं नाव, कोणत्या साली. मी हा तक्ता कितीतरी मॅडमना हातानं आखून दिला. तो असला की छाननीत प्रश्नच येत नाही. ज्यांचे लेख अजून छापून यायचेत त्यांनी एकच नाव ठरवावं आणि तेच सगळीकडे वापरावं. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा, सोळा आकडी क्रमांक काढून घ्या. त्या खात्यात आपली जुनी नावंही नोंदवता येतात.

पुरुषांच्या फाइलीत हा घोळ कमी, पण असतो. गावाचं नाव आडनावापुढे लावणारे, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दर लेखात बदलणारे. तक्ता त्यांनीही लावावा.

लेख

पूर्वी मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी होती, आणि ती सांभाळणारा कक्ष आपल्या पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. लेख यादीतल्या नियतकालिकात आहे की नाही एवढंच बघायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादी बंद केली. नियतकालिक कसं पारखायचं याचे निकष सुचवले आणि पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. त्यामुळे आता समीक्षेचा पुरावा तुमच्या फाइलीतच असायला हवा. लेखाच्या छापील पानांसोबत मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादक मंडळाचं पान जोडा. समीक्षकांचे अभिप्राय आलेले ई-मेल छापून लावा. 'दुसऱ्या परिच्छेदातला दावा पुराव्यानिशी मांडा' असं समीक्षकानं लिहिलेला एक ई-मेल दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो. असे ई-मेल पुसून टाकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे. तो नियतकालिकाचा आठ आकडी ओळख क्रमांक आहे, एवढंच. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्यांकडेही तो असतो. अशा ठिकाणी तीन लेख दिलेले एक तरुण सर होते. तिन्ही लेख समितीनं नाकारले. त्यांना खरं लिहिता येत होतं. त्यांनी पुन्हा तीन लेख लिहिले, त्यात अडीच वर्षं गेली.

काही विषयांत समीक्षित नियतकालिकंच कमी आहेत, मराठीत लिहिणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. विनियमांत अशा विषयांसाठी सवलत आहे, पण विद्यापीठाला तिची कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणून अर्जासोबत तुम्हीच एक पान लिहून द्या: या विषयाची नियतकालिकं कोणती, ती किती, आणि माझे लेख कुठं आहेत. समितीला टिपणी लिहायला आधार मिळतो.

केंद्र, जागा आणि पाठपुरावा

गाइडची मान्यता आणि संशोधन केंद्राची मान्यता या दोन वेगळ्या फाइली आहेत. तुम्ही जिथं नोकरीला आहात त्याच विद्यापीठात, तिथल्या विभागात किंवा संलग्न पदव्युत्तर महाविद्यालयात, तुम्ही गाइड होऊ शकता. दुसऱ्या संस्थेत फक्त सह-मार्गदर्शक. महाविद्यालयात पदवीपर्यंतच वर्ग असतील तर अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन बोला आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

प्रस्ताव प्राचार्यांच्या अग्रेषण पत्रासह द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हे मी माझ्याच टेबलावरच्या चुकीतून सांगते. एका मॅडमचा प्रस्ताव दुसऱ्या विद्याशाखेच्या गठ्ठ्यात बांधला गेला आणि आठ महिन्यांनी सापडला. त्यांच्याकडे आवक क्रमांक होता म्हणून निदान शोधता आला. तोवर त्यांच्याकडे येणाऱ्या दोन मुली दुसऱ्या गाइडकडे गेल्या होत्या. मी त्यांची माफी मागितली, पण त्या मुली परत आल्या नाहीत. त्यानंतर आमच्याकडे गठ्ठ्यावर विद्याशाखेची रंगीत पट्टी लावायला सुरुवात झाली. तुम्ही मात्र रंगीत पट्टीवर विसंबू नका. महिन्यातून एकदा फोन करा, आवक क्रमांक सांगा आणि फाइल छाननीत आहे, समितीकडे आहे की अधिष्ठात्यांकडे, ते विचारा. विचारलेलं कुणाला खटकत नाही.

मान्यता मिळाली की एका वेळी सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. परदेशी विद्यार्थी यावर दोन. कॅसमधून पदनाम बदललं तर विभागाच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. नव्या पदाचा आदेश जोडून पत्र द्या, नाहीतर पोर्टलवर जागा चारच दिसत राहतात.

आणि ही मान्यता जपावी लागते. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार स्वतःच्या लेखात ४० ते ६० टक्के साम्य सिद्ध झालं तर एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवीन विद्यार्थी घेता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. विद्यार्थ्यासोबत संयुक्त लेख देताना मसुदा आधी स्वतः तपासा. त्यावर तुमचंही नाव असतं.

पत्र हातात पडल्यावर पुष्कळ जण ते लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि इथंच शेवटचं वर्ष वाया जातं. पेटच्या आधी विद्यापीठ प्रत्येक गाइडकडून रिक्त जागांची माहिती मागवतं. ती मुदतीत भरली नाही तर जागा यादीत येत नाहीत, आणि यादीत नसलेल्या गाइडकडे मुलाखतीनंतर कुणालाही पाठवता येत नाही. पत्र मिळालं त्याच आठवड्यात पोर्टलवर आपलं खातं उघडा. विषय, केंद्र, पदनाम आणि रिक्त जागा भरा. भरलेल्या पानाचा छापील कागद त्याच फाइलीत लावा.