लहान मुलांना गणिताचे शब्द शिकवताना या चुका टाळा

मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं, म्हणून त्याला मोजता येतं असं धरून चालू नका. पाच बटणं मोजायला द्या आणि मोजून झाल्यावर विचारा, ‘किती आहेत?’ पुष्कळ मुलं उत्तर न देता पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी म्हटलेला आकडा अख्ख्या गटाचा असतो, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. अशा वेळी एका आकड्याला एकच बटण सरकवायला लावा, शेवटी सगळ्यांभोवती हात फिरवून म्हणा, ‘सगळी मिळून पाच’. मग उलट मागा: ‘मला तीन दे’. मूठभर हातात आली, तर वीसपर्यंतचं गाणं तूर्त राहू द्या. एक, दोन, तीन पक्के होऊ देत.

‘बत्तीस’ ऐकून मूल २३ लिहितं, तेव्हा कृपा करून त्याला धांदरट म्हणू नका. त्याने कानावर पडलं तसंच लिहिलेलं असतं. मराठीत एकक आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. नुसतं दहा वेळा लिहून घेतल्याने हा गोंधळ सुटत नाही. काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे डावीकडे ठेवा, दोन सुट्या काड्या उजवीकडे. ‘बत्तीस’ म्हणताना बोट आधी सुट्यांवर, मग गठ्ठ्यांवर. लिहिताना डावीकडून.

एकोणतीस त्याहून कठीण, कारण ऐकू ‘तीस’ येतं आणि लिहायचा असतो २. इथे तीन गठ्ठे मांडा, एक सोडा आणि त्यातली एक काडी मुलालाच काढू द्या. उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या, म्हणजे २९ समोरच दिसतं. एकोणचाळीस, एकोणपन्नास याच रीतीने करता येतात. नव्व्याण्णव या रीतीत बसत नाही, तो वेगळा शिकवावा लागतो.

सात आणि साठ ऐकताना घोटाळा होत असेल, तर ७ आणि ६० ची कार्डं द्या. शब्द ऐकून योग्य कार्ड उचलायचं.

सगळ्याला ‘मोठं’ म्हणायची सवय आपणच लावतो. मोठी पेन्सिल लांब की जाड? मोठा डबा उंच की रुंद? दोन वस्तू शेजारी ठेवून नेमका शब्द वापरा आणि हाताने तीच दिशा दाखवा.

त्रिकोणाचं चित्र नेहमी टोक वर करून दाखवलं, तर तोच उलटा केल्यावर मूल ‘हा त्रिकोण नाही’ म्हणतं. आडवे, तिरपे, निमुळते त्रिकोण दाखवा. एक बाजू वाकडी असलेला किंवा कोपरा उघडा राहिलेला आकारही मध्ये ठेवा, आणि ‘हा का नाही?’ हे त्यालाच सांगू द्या.

व्हिडिओ लावणार असाल, तर मागे सतत वाजणारं संगीत आणि उड्या मारणारी चित्रं टाळा. शब्द आणि त्याचं चित्र एकाच क्षणी यायला हवं. ‘चार’ ऐकू येताना पडद्यावर तीनच फुगे असतील, तर तो व्हिडिओ बंद केलेला बरा.

‘जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी’ ही युक्तीही शिकवू नका. रियाकडे ५ गोट्या आहेत, त्या मीरापेक्षा २ ने जास्त, मीराकडे किती? युक्ती पाठ केलेलं मूल ७ म्हणतं. ठिपक्यांच्या दोन ओळी एकाखाली एक काढा, जोड्या लावा. रियाचे दोन ठिपके जोडीविना उरले पाहिजेत, म्हणजे मीराच्या ओळीत तीनच ठिपके येतात.