नागपुरात बसून समुद्र कसा समजून घ्यायचा: बर्फ, क्वार्टरची बाटली आणि कूलर

नागपूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला जो पिवळा बोर्ड आहे ना, त्याच्यावर शहराच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीनशे मीटरच्या वर. भाच्याने ते वाचलं आणि मला विचारलं, मामा, समुद्र इतका खाली आहे तर आपल्याला काऊन टेन्शन? आणि समुद्र वाढला तर हा आकडा पुसून नवीन लिहावा लागेल का? प्रश्न एकदम बरोबर होता पण उत्तर द्यायला मी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि पाच मिनिटात पोट्टं झोपलं. मग आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच करून पाहिलं, जसं जमलं तसं सांगतो, तुमच्याकडे पोट्टे असतील तर करून पहा, नसतील तरी करा.

पहिले बर्फ. काचेचे दोन सारखे डबे घ्या, लोणच्याचे चालतील. एकात पाणी टाकून त्याच्यात बर्फाचे सात-आठ तुकडे सोडा, ते तरंगतील. दुसऱ्यात अंगणातला चांगला मोठा गोटा ठेवा, गोट्याचा माथा पाण्याबाहेर राहील इतकंच पाणी टाका आणि तेवढाच बर्फ गोट्याच्या डोक्यावर रचा, पाण्याला लागू द्यायचा नाही. आता दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करा. इथे आमची पहिली फजिती झाली. भाच्याने स्केचपेनने रेघ मारली, थंड डब्याला बाहेरून घाम सुटला, आणि रेघ वाहून खाली गेली, वरून तो म्हणे डबा गळून राहिला. तर नेलपॉलिश लावा किंवा चिकटपट्टी लावा.

मे महिन्यात नागपुरात बर्फ वितळायला वाट पाहावी लागत नाही, चहा पिऊन या, झालेलं असते. तरंगणाऱ्या बर्फाच्या डब्यात पाणी जिथल्या तिथे, आणि गोट्यावाल्या डब्यात रेघेच्या वर चढलेलं. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो म्हणून वितळला तरी फरक पडत नाही. उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणारा बर्फ तसाच, त्याच्याने पातळी जवळपास वाढत नाही, पण पांढरा बर्फ गेला की खालचं काळं पाणी ऊन जास्त ओढते, तो वेगळा वांधा. आपला गोटा म्हणजे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका, आणि हिमालयातल्या हिमनद्या पण. ग्रीनलँडचा सगळा बर्फ उतरला तर समुद्र 7 मीटर वर येईल, अंटार्क्टिकाचा उतरला तर 50 मीटरच्याही वर. हे उद्या-परवा होणारं नाही, त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतात, म्हणून कुणी "2030 मध्ये मुंबई पाण्याखाली" असा फोटो पाठवला तर जरा थांबा. पण खोटा फोटो आला म्हणून विषय खोटा होत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण बर्फाचं सगळ्यांना माहीत असते आणि हे कोणालाच माहीत नसते. तापलं की पाणी फुगते. 180 मिलीची काचेची बाटली लागते, म्हणजे सरळ क्वार्टरची रिकामी बाटली, कबाडीवाल्याकडून दोन आणल्या, घरी आधी सांगून ठेवा नाहीतर तुमचं काही खरं नाही. प्लॅस्टिकची नको, ती स्वतःच फुगते. पाणी एकदा उकळून थंड करा म्हणजे त्यातली हवा निघून जाईल, कुंकू किंवा निळी टाकून रंगवा, बाटली काठोकाठ भरा. झाकणाला भोक पाडून स्ट्रॉ घाला आणि भोवती एम-सील दाबून लावा, वाळू द्या, खरंच वाळू द्या, आम्ही घाई केली आणि सगळं लाल पाणी ओट्यावर. झाकण लावताना स्ट्रॉमध्ये पाणी थोडं चढते, तिथे खूण करायची, मग बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, उकळत्या नाही, आंघोळीला घेतो तेवढ्या.

बारीक लक्ष ठेवा, पहिल्या काही सेकंदात पाणी खाली जाते! भाचा म्हणे मामा उलटं झालं. उलटं नाही, काच आधी तापते, बाटली कणभर मोठी होते, आतल्या पाण्याला गरमी पोचायची असते. मग चढायला लागते आणि चढतच राहते. 25 अंशाचं पाणी 45 अंशावर गेलं की साधारण 0.7 टक्के फुगते, म्हणजे ह्या बाटलीत सव्वा मिली, आणि पाच मिलीमीटरच्या स्ट्रॉमध्ये ते सहा-साडेसहा सेंटीमीटर दिसते. आपलं बोट तेवढं.

आता समुद्र इतका काही तापत नाही, पण तो कित्येक किलोमीटर खोल आहे, आणि आपण जी जास्तीची उष्णता अडकवून ठेवली तिच्यातली 90 टक्क्याहून जास्त समुद्रच पोटात घेऊन राहिला. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावर काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था, तिच्या 2021 च्या रिपोर्टमध्ये आहे की 1971 ते 2018 मध्ये जी पातळी वाढली तिच्यातला जवळपास अर्धा हिस्सा नुसत्या ह्या फुगण्याचा. 1901 ते 2018 मिळून वाढ 20 सेंटीमीटर. वीतभर पण नाही, असं वाटते. पण आधी वर्षाला 1.3 मिलीमीटर वाढायची ती 2006 नंतर 3.7 वर गेली, आणि ही वाढ वादळाच्या दिवशी कामाला येते, त्याच्यावर येतोच.

तर वादळ. ह्याला सामान लागत नाही, कूलर लागतो, आणि तो नसलेलं घर नागपुरात दाखवा. टिल्लू पंप टाकीतलं पाणी वाळ्याच्या ताट्यांवर सोडते, गरम कोरडी हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार. किती उष्णता? एक लिटर पाणी उडवायला जेवढी लागते तेवढ्यात साधं सात लिटर पाणी उकळीला येईल. ती उष्णता कुठे हरवत नाही, वाफेच्या आत लपून वर जाते. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवा आणि काढताना हात भाजून घ्या, वाफ जिथे परत पाणी होते तिथे ती सगळी उष्णता सोडते.

चक्रीवादळ म्हणजे हाच कूलर, फक्त उष्णता ज्या टोकाला बाहेर पडते ते टोक पकडा. समुद्राचं वरचं पाणी साधारण 26.5 अंशाच्या वर, तेही पन्नासेक मीटर खोलीपर्यंत, मग वाफ भरपूर उठते, वर जाऊन ढग होते, उष्णता सुटते, हवा अजून तापून वर जाते, खाली दाब कमी होतो, आजूबाजूची हवा धावत येते आणि पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न येता गोल फिरते, आपल्या बाजूला घड्याळाच्या उलट. अमेरिकेकडे त्यालाच हरिकेन म्हणतात, जपान-फिलिपिन्सकडे टायफून, चीज एकच. हवा एक अंश तापली की 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस वाढतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासवर हार्वे नावाचं हरिकेन आलं तेव्हा एका ठिकाणी काही दिवसात 1500 मिलीमीटरच्या वर पडला, आपल्या नागपूरच्या वर्षभराच्या पावसाहून जास्त.

एक गोष्ट लोक चुकीची सांगतात, की तापमान वाढलं म्हणून वादळं जास्त होऊन राहिली. एकूण संख्या तशी फार वाढलेली नाही, त्यातल्या जोरदार वादळांचा वाटा वाढला आहे, आणि काही फार लवकर फुगतात. 2020 चं अम्फान बंगालच्या उपसागरात साध्या चक्रीवादळाचं सुपर सायक्लोन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, दोन दिवसांच्या आत झालं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर मार चौपट होतो हे पोट्ट्यांना नक्की सांगा.

आणि माणसं मरतात ती वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त. वादळ समुद्राला किनाऱ्यावर ढकलते, 2005 च्या कतरीना वादळात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी 8 मीटरच्या वर चढलं होतं. आता ते 20 सेंटीमीटर आठवा. फळीवरचा डबा जेमतेम हाताला लागत नाही असं पोट्टं पाटावर उभं केलं की डबा खाली, तसा समुद्र पाटावर उभा आहे, आधी जी लाट बांधाला टेकून परत जायची ती आता आत येते.

आता शेवटचं, बातमी कशी वाचायची, कारण आपल्या सगळ्यांचं कोणी ना कोणी मुंबई, अलिबाग, रत्नागिरीला असते. टीव्हीवरचे लाल बाण सोडा, हवामान खात्याचं बुलेटिन उघडा. वेळ यूटीसीत, म्हणजे जगभराच्या प्रमाणवेळेत, दिली असेल तर आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा, वारा नॉटमध्ये असेल तर 1.85 ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. ताशी 62 किलोमीटर झाला की वादळाला नाव मिळते, 118 झाला की "अति तीव्र", 222 ला सुपर सायक्लोन. नकाशावर मधली रेघ पाहू नका, तिच्या भोवतीचा पंखा पाहा, वादळ त्यात कुठेही जाऊ शकते. किनाऱ्यावर धडकायची वेळ आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ बाजूबाजूला लिहा, दोन्ही जवळ असतील तर मावशीला फोन करून सामान वर ठेवायला आणि सांगतील तर घर सोडायला सांगा, घर वाऱ्याला पक्कं आहे म्हणून थांबू नका म्हणा.

आणि आपण सुटलो असं नाही जी. 3 जून 2020 ला निसर्ग नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उरलंसुरलं पश्चिम विदर्भावर होतं. असं काही आपल्याकडे येऊन राहिलं असं बुलेटिनमध्ये दिसलं की गच्चीवर वाळत टाकलेल्या कुरड्या आत घ्या, आणि टिल्लू पंप बंद करून कूलरचा नुसता पंखा चालवा, हवेत आधीच इतकी वाफ असते की ताट्या ओल्या केल्या तर गादी दमट होण्यापलीकडे काही होत नाही.